एका पासवर्डमागे आंबिवलीपर्यंत

माझ्या नोकरीत प्रवास नाही. सांगलीतल्या घरून विद्यापीठाच्या इमारतीपर्यंत स्कूटरवर वीस मिनिटं, आणि तिथून पुढे सगळं खुर्चीत बसून. दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व्हिडिओ तयार करायचे, चाचण्या ऑनलाइन चढवायच्या, कोणाचा पासवर्ड हरवला तर नवा द्यायचा, कोणाचं पान उघडत नसेल तर का ते बघायचं. माझ्या पदाचं इंग्रजी नाव इतकं लांब आहे की ओळखपत्रावर ते दोन ओळींत बसवलंय. आमच्या आईने त्यावर सोपा तोडगा काढला. ती सगळ्यांना सांगते, "वैशू कॉम्प्युटर दुरुस्त करते."

या कामात मला एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या काळात आमचा एकही विद्यार्थी मी त्याच्या घरी, त्याच्या पाटावर बसलेला पाहिला नव्हता. मला ते पडद्यावरचे ठिपके म्हणून माहीत. हिरवा ठिपका म्हणजे आत आहे, राखाडी म्हणजे बाहेर. यंदा त्यात लाल ठिपका आला. चाचणीत कोणी लबाडी करतंय असा संशय आला की लाल ठिपका लावणारी नवी प्रणाली आम्ही बसवली होती. बसवण्यात माझा पुढाकार होता, हे आधीच कबूल केलेलं बरं.

पहिल्याच सत्रात बरेच लाल ठिपके आले. बहुतेक फोनवरच मिटले. दोन राहिले, आणि दोन्ही ठाणे जिल्ह्यातले. एक वागळे इस्टेटमधला मिलिंद, दुसरी आंबिवलीची प्रियंका. दोघांचे निकाल अडकले होते. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "फोनवर विचारलं तर नाहीच म्हणणार. तुम्ही समोर जाऊन या. लबाडी असेल तर तसं लिहा, प्रवेश रद्द करू. मग तीन वर्षं परत प्रवेश घेता येणार नाही."

"आणि नसेल तर?"

"तर तुमच्या प्रणालीबद्दल बोलू," असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

डोंबिवलीत माझी मावसबहीण सुनंदाताई राहते. तिच्याकडे उतरायचं ठरलं. पिशवीत लॅपटॉप, दोन फायली आणि तीन किलो भडंग घेऊन मी निघाले. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय जिल्ह्याबाहेर पडत नाही.

वागळे इस्टेट, सोमवार

वागळे इस्टेटमध्ये पत्ता शोधायचा म्हणजे रोड नंबर शोधायचा. माझ्याकडे नंबर होता, फक्त शेजारच्या रोडचा. त्यामुळे मी आधी एका छापखान्यात, मग एका औषधांच्या खोक्यांच्या गोदामात आणि शेवटी योग्य कारखान्यात पोचले. यंत्रांचे सुटे भाग करणारा छोटा कारखाना. आत लेथचा आवाज, तेलाचा वास आणि भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीला ताजा हार. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती.

मिलिंद हात पुसत बाहेर आला. तिशीतला, चष्मा कपाळावर ढकललेला. मी नाव सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मॅडम, परत बोला जरा."

"काय बोलू?"

"काही पण. 'नमस्कार विद्यार्थी मित्रहो' बोला."

मी बोलले. तो हसायला लागला. "आवाज तुमचाच आहे, पण तुम्ही एवढ्या हळू का बोलता? बरं वाटत नाही का?"

इथे एक खुलासा करायला हवा. अर्थशास्त्र आणि ग्रामीण प्रशासन शिकवणारे आमचे प्राध्यापक कॅमेऱ्यासमोर आले की त्यांचा घसा बसतो. म्हणून मजकूर त्यांचा आणि आवाज माझा, अशी तडजोड आम्ही कधीतरी केली आणि ती कायम झाली. पडद्यावर नाव त्यांचं येतं. मिलिंद ते व्हिडिओ दीडपट वेगाने ऐकतो. जेवणाच्या सुट्टीत, कानात इअरफोन घालून, मोबाइल खिशात ठेवून. दोन वर्षं तो मला अशीच, धापा टाकत बोलणारी बाई म्हणून ओळखत होता. मी रात्रंदिवस खपून केलेली चित्रं आणि हलणारे आलेख त्याने एकदाही पाहिलेले नव्हते.

"एकदा बघा तरी," मी म्हटलं.

"बघेन की मॅडम. पण खरं सांगू का, आवाजातच सगळं येतं."

कारखान्यामागच्या टपरीवर आम्ही कटिंग घेतला. सांगलीत चहा अर्धा सांगायची पद्धत नाही. अर्धा दिला तर पाहुणा रागावतो. इथे अर्धा चहा हाच पूर्ण चहा.

मी फाईल उघडली. मिलिंदच्या नावापुढे संशय असा होता: पाच विद्यार्थी, एकच इंटरनेट, एकच वेळ आणि एकच चूक. पाचही जणांनी एका प्रश्नाचं तेच चुकीचं उत्तर दिलं होतं.

"हो, आम्ही पाच जण एकत्र बसतो," तो म्हणाला. "आमच्या वस्तीत विहाराच्या मागे खोली आहे, तिथे दर रविवारी. वायफाय माझ्या मोबाइलचं, कारण प्लॅन माझा मोठा आहे. पण पेपर ज्याचा त्याने सोडवायचा, बोलायचं नाही, असा नियम आहे. आमच्यात एक ताई आहेत, त्या सरळ पाठीत घालतात."

"मग पाचही जणांची चूक एकच कशी?"

"कोणता प्रश्न?"

मी वाचला. कारखान्याचं भाडं हा कोणता खर्च, स्थिर की बदलता?

"स्थिर," तो लगेच म्हणाला. "मशीन चालू असो नाहीतर बंद, भाडं द्यायलाच लागतं. लॉकडाऊनमध्ये आमच्या मालकाने बंद कारखान्याचं भाडं भरलेलं. त्याला जाऊन विचारा हवं तर."

मी लॅपटॉप काढला आणि उत्तरांची यादी उघडली. यादीत 'बदलता' लिहिलं होतं. ती यादी मी चढवली होती. एका रकान्याची ओळ खाली सरकली होती.

"म्हणजे हे सगळ्यांचंच चुकलं असणार," मी हळूच म्हटलं.

"असेल ना. बाकीचे वेगवेगळ्या घरी बसलेले, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत."

"तक्रार करायची होतीत."

"केलेली. तुमच्याकडून उत्तर पण आलेलं." त्याने मोबाइलवर शोधून दाखवलं. 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आपल्या संयमाबद्दल आभार.'

ते उत्तरही मीच लिहिलेलं होतं. ते आपोआप जातं.

मिलिंदने चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. मी त्याच्या हातात भडंगाचं पाकीट दिलं, रविवारी पाच जणांत वाटून खा म्हणून. निघताना तो म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही खऱ्या आयुष्यात थोडं भरभर बोललात तर चांगलं वाटेल."

डोंबिवली, सोमवार संध्याकाळ

सुनंदाताई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, पण शाळा तिच्यातून निवृत्त झालेली नाही. दार उघडल्या उघडल्या तिने माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "आलीस? चांगलं झालं. शेजारच्या लेलेंचा प्रिंटर चालत नाहीये."

"ताई, मी प्रिंटर दुरुस्त करत नाही गं."

"मावशी तर म्हणते करतेस."

आईची कीर्ती डोंबिवलीपर्यंत पोचलेली होती. मी लेल्यांकडे गेले. प्रिंटरचं बटण दाबलं होतं, पण भिंतीवरचं बटण बंद होतं. ते चालू केलं. लेलेकाकूंनी माझ्याकडे मोठ्या डॉक्टरकडे बघावं तसं बघितलं, आणि पुढच्या अर्ध्या तासात ताईच्या बैठकीत सोसायटीतले चार मोबाइल माझी वाट बघत रांगेत पडले. एकीला अक्षरं मोठी करून हवी होती. एकीला जावयाचे शुभ सकाळचे संदेश बंद करून हवे होते, पण त्याला कळता कामा नये.

सगळ्या गेल्यावर ताईने आमटी-भात वाढला. "तू नक्की करतेस काय? शिकवत नाहीस. शिकत नाहीस."

"शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामध्ये जे बंद पडतं, ते मी सुरू करते."

"म्हणजे भिंतीवरचं बटण," ताई म्हणाली. मी वाद घातला नाही. दिवसभरात मिलिंदनेही साधारण तेच सिद्ध केलं होतं.

शहाड, आणि मग आंबिवली, मंगळवार

मी एक स्टेशन आधी उतरले. समोरच्या बाईला "आंबिवली आलं का?" असं विचारलं आणि तिने मान हलवली. ती मान 'हो' म्हणून हलली की डुलकीने, हे मला फलाटावर उभं राहिल्यावर कळलं. पाटीवर शहाड लिहिलं होतं.

रिक्षा केली. वाटेत उल्हास नदी लागली. आमच्या कृष्णेपेक्षा इथली नदी घाईत वाटली, की रिक्षावाला घाईत होता, सांगता येत नाही. पुढे एका बाजूला उंच इमारती आणि त्यांच्या पायाशी अजून शिल्लक राहिलेला भाताचा एखादा तुकडा, त्यात बगळे. एका ठिकाणी तर शेताच्या बांधावरच "टू बीएचके" असा फलक रोवलेला होता.

प्रियंकाचं घर शोधायला त्रास झाला नाही. चाळीच्या दहा खोल्या एका रांगेत, आणि टोकाला मालकांचं स्वतःचं घर, पुढे ओटा. ही मंडळी इथली जुनी आगरी. जमिनीवर भात पिकायचा तेव्हापासूनची. आता त्याच जमिनीवर भाडेकरू राहतात. ओट्यावर साठीच्या बाई वाल सोलत बसल्या होत्या. मोठं कुंकू, नाकात नथनी, बाजूला चार्जिंगला लावलेला मोबाइल.

"प्रियंका आहे का?" मी विचारलं.

बाईंचे हात थांबले. "तू ती मोबाइलमधली नं?"

"अं?"

"तुजा आवाज मना ठावका हाय. ये बाय, बस. पानी घे."

या मंजुळाबाई, प्रियंकाच्या सासूबाई. प्रियंका एका शाळेच्या ऑफिसात काम करते, ती दुपारी येणार होती. तोपर्यंत मी बसले. पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की मला चौकशी करायची गरजच उरलेली नाही. मंजुळाबाई स्वतःहून सगळं सांगत होत्या, आणि आनंदाने सांगत होत्या.

"भारी घाई करतस बोलताना तू. मी तुना हलू करून ऐकतंय." त्यांनी मोबाइल दाखवला. माझा वेग पाऊण केलेला होता. "दुपारी कोन नसतं. सिरियलीत नुसत्या रडतान बायका. त्यापरीस ह्या बरा."

"तुम्ही रोज ऐकता?"

"रोज. मंग परीक्षा देतंय." त्या वाल सोलता सोलता थांबल्या आणि जरा लाजल्या. "सातबाऱ्याच्या परीक्षेत मना पैकीच्या पैकी मिलाले."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. प्रियंकाच्या फाईलमध्ये नेमकं हेच होतं. सकाळी भराभर सोडवणारा एक हात आणि दुपारी सावकाश सोडवणारा दुसरा. प्रणालीने लिहिलं होतं: एका नावाने दोन व्यक्ती असण्याची दाट शक्यता. आमच्याकडे प्रत्येक चाचणी दोनदा देता येते आणि जास्त गुण धरले जातात. हेही मीच सुचवलेलं, विद्यार्थ्यांना भीती वाटू नये म्हणून. दुपारी पहिला प्रयत्न सासूबाई करत, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा प्रयत्न सून. बहुतेक वेळा सुनेला जास्त मिळत. पण ग्रामीण प्रशासनाच्या दोन चाचण्यांत, सातबारा आणि फेरफार या प्रकरणांवर, दुपारचा हात जिंकला होता. ते गुण प्रियंकाच्या नावावर जमा झाले होते.

"सातबाऱ्यातलं कसं काय येतं तुम्हाला?"

"वीस वरसा तलाठ्याकडं चपला झिजवल्यान मी. ह्यांचं डोकं तापायचं, म्हनून मीच जायची. वारस लावलं, नावं चढवली, उतरवली. मना कोन शिकवनार सातबारा?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या धड्यात एक चुकलंय. फेरफाराची नोटीस येते ती सांगतस, पन हरकत घ्याची मुदत कोन सांगनार? तीच तर कलत नाय लोकांना."

मी ते वहीत लिहून घेतलं. काय करणार, बरोबर होतं.

मग त्यांनी जेवायला बसवलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, वांगं. आमच्याकडची ज्वारीची भाकरी ताटात आवाज करत पडते. ही भाकरी रुमालासारखी घडी होऊन बसते. दोन खाल्ल्या तरी पोटाला पत्ता नाही, म्हणून चार खाल्ल्या. ज्या बाईच्या सुनेचा प्रवेश रद्द करण्याचा कागद आपल्या पिशवीत आहे तिच्या हातचं चवीने खाताना फार विचित्र वाटतं. तरी पाचवी घेतली.

जेवताना त्या सहज म्हणाल्या, "एक इच्यारू? त्या मोबाइलवर नाव येतं ते कोना सरांचं. बोलतस तू. चालतं ते?"

मी पाणी प्यायले.

प्रियंका दोन वाजता आली. मला ओळखायला तिला आवाजाचीही गरज पडली नाही. पिशवीवरचं विद्यापीठाचं चिन्ह बघूनच तिचा चेहरा उतरला. आम्ही दोघी घरामागे, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहिलो.

"आई बोलल्या असतील सगळं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"आई ऐकतात ते माहीत होतं. टेस्ट पण देतात, ते पण माहीत होतं. मला वाटलेलं, त्यांचा टाइमपास होतो, दुसऱ्या दिवशी मी देतेच आहे." "मग सातबाऱ्याला पैकीच्या पैकी दिसले. मला कळलेलं की हे माझे नाहीत. मी सांगायला पाहिजे होतं. मी गप्प बसले."

"का?"

"फर्स्ट क्लास हवा होता, मॅडम. आमच्या शाळेत मी हजेरीची रजिस्टरं लिहिते. डिग्री झाली की बी.एड. करून त्याच शाळेत वर्गावर जायचंय. आता नाही होणार ना?"

मी "बघते" म्हणाले. ती रडली नाही, ते जास्त अवघड गेलं. तिने टाकीचा नळ घट्ट बंद केला, जो आधीच बंद होता, आणि म्हणाली, "आईंना सांगू नका. त्यांना वाटेल त्यांच्यामुळे झालं."

डोंबिवली, मंगळवार संध्याकाळ

सुनंदाताईला मी सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिच्या शाळेत हे तीन दशकं पाहिलेल्या सगळ्यांना माहीत असेल, ही खूण चांगली नाही.

"दुसऱ्याचे गुण आपल्या नावावर घेतले. याला एकच शब्द आहे."

"पण ताई, बाकी सगळं तिचं तिने केलंय. दोनच चाचण्या."

"दोन का होईना. तिला माहीत होतं आणि ती गप्प बसली. माझ्या शाळेत असती तर मी घरी पाठवली असती."

"आणि माझ्या चुकीचं काय? दोनदा परीक्षा देऊ देण्याची सोय माझी. कोण कोणाचं पान उघडतंय हे विचारायची सोय मी केली नाही. वर माझा आवाज दुसऱ्याच्या नावावर चालतो."

"ते तू तुझ्या साहेबांना सांग. मला मुलीचं विचारलंस, मुलीचं सांगितलं." ताई उठली, कुकर लावला आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "बाई किती शिकलीय?"

"कोण, सासू? चौथी."

"चौथी शिकलेल्या बाईला पदवीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी." ताईने कुकरची शिट्टी बसवली. "आणि तुमचं ते एवढं मुक्त विद्यापीठ. तिला कोणी परीक्षेला बसवलं नाही का अजून?"

मी लॅपटॉप उघडला. आमच्याकडे शाळा सुटलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आहे. तो पार केला की थेट पदवीला प्रवेश. त्याचं माहितीपत्रक मीच दरवर्षी संकेतस्थळावर चढवते. सगळ्या आवृत्त्यांवर हसणाऱ्या मुलीचा तोच फोटो. साठीच्या बाईचं त्यात काही काम असेल, हे मला आजवर सुचलेलं नव्हतं.

सकाळी विभागप्रमुखांना फोन केला. भाड्याच्या प्रश्नाची चूक सांगितली, दोन प्रयत्नांच्या सोयीतली चूक सांगितली, मग प्रियंकाचं सगळं सांगितलं, तिच्या गप्प बसण्यासकट.

"त्या दोन चाचण्यांचे गुण काढून टाका," ते म्हणाले. "तुमच्या समोर नव्याने घ्या, प्रश्न वेगळे. जे मिळेल ते तिचं. लेखी समज मी देईन, ती राहील तिच्या फाईलमध्ये. आणि सासूबाईंना खोलीबाहेर ठेवा."

आंबिवली, बुधवार

या वेळी बरोबर स्टेशनवर उतरले.

प्रियंकाला मी काय ठरलंय ते सांगितलं. लेखी समज फाईलमध्ये राहील हेही सांगितलं. तिने मान डोलावली आणि हात धुऊन येऊन टेबलाशी बसली, जसं काही हात धुतल्याशिवाय परीक्षेला बसायचंच नसतं. मंजुळाबाईंना मी सांगितलं की विद्यापीठाची एक राहिलेली चाचणी आहे, तेवढ्यापुरतं ओट्यावर बसा.

त्या बसल्या. पण खिडकी ओट्यावर उघडते. प्रियंका एखाद्या प्रश्नावर अडली की बाहेरून खोकला ऐकू यायचा. मी खिडकी लावली. मग दारातून आवाज आला, "बाय, चाय ठेवू?" मी नको म्हटलं. मग त्यांनी कोणा भाडेकरणीला मोठ्याने सांगायला सुरुवात केली की जमिनीचा आठ-अ उतारा म्हणजे काय आणि तो कोणाकडे मिळतो. मी बाहेर जाऊन त्यांच्या समोर बसले आणि वाल सोलायला घेतले. दाराच्या फटीतून एक डोळा प्रियंकावर आणि एक मंजुळाबाईंवर ठेवून मी अर्धा तास काढला. वाल मात्र त्यांच्या निम्मेही सोलून झाले नाहीत.

प्रियंकाला पहिल्या चाचणीत वीसपैकी चौदा मिळाले, दुसऱ्यात तेरा. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकणार होता. तिने आकडे बघितले, बराच वेळ बघितले आणि म्हणाली, "चालेल. हे माझे आहेत."

मग तिनेच सासूबाईंना बोलावलं आणि सगळं सांगितलं. मी सांगू नये म्हणत होती, तीच. मंजुळाबाई उभ्याच्या उभ्या ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "म्हंजे माज्यामुलं तुजा पयला नंबर गेला?"

"तुमच्यामुळे नाही, आई. मी गप्प बसले म्हणून."

"मना काय ठावं, ते तुज्या नावावर जातं. मना वाटलं, माजा माजा मोजतान." त्यांनी मोबाइल उचलला आणि तो प्रियंकाच्या पुढे ठेवला. "घे. मी नाय हात लावनार आता."

तेव्हा मी पिशवीतून अर्ज काढला. पूर्वतयारीचा. सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. या वयात परीक्षेला बसायचं, गुडघे दुखतात, लोक हसतील, वर पास नाय झालं तर. मी म्हटलं, पदवीचे प्रश्न सोडवता, हे तर सोपं आहे. तरी नाही. प्रियंकाने आग्रह केला, तरी नाही.

शेवटी त्यांनी अर्ज हातात घेतला आणि खाली सहीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"जमिनीच्या कागदावर मी नेमी आंगठाच दिला," त्या म्हणाल्या. "सही येते मना. पन हापिसात सगल्यांना घाई. आंगठा लाव आजी, लवकर व्हतं, म्हनायचे. दरवेली कागद काय ना काय घेऊन गेला. ह्यो काय नेनार?"

"हा काही नेत नाही," मी म्हटलं.

"मंग देनार काय?"

"पुस्तकं. आणि तुमच्या नावाचा पासवर्ड."

त्यांनी पेन घेतलं. प्रियंकाने खाली पाट सरकवला. मंजुळाबाईंनी नाव लिहिलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, एकेक अक्षर थांबून. रेघ संपली आणि आडनावाचं शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं. नियमाप्रमाणे चौकटीबाहेरची सही चालत नाही. मी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला.

सांगली, त्यानंतर

मिलिंद आणि त्याच्या चार सोबत्यांचे गुण दुरुस्त झाले. त्या प्रश्नात चुकलेल्या बाकी सगळ्यांचेही, आणि ते बरेच निघाले. प्रियंकाचा निकाल लागला, सेकंड क्लास, बी.एड.च्या प्रवेशाला पुरेसा. आता एका चाचणीला एकच प्रयत्न असतो. सुरुवातीला कोण पेपर देतंय ते विचारणारी एक ओळ येते, ती मी लिहिली आहे, आणि या वेळी तिच्यात "आपल्या संयमाबद्दल आभार" असलं काही येऊ नये इतकी काळजी घेतली. व्हिडिओच्या सुरुवातीला प्राध्यापकांच्या नावाखाली आता 'आवाज' म्हणून माझंही नाव येतं. सरांनीच आग्रह धरला. म्हणाले, इतकी वर्षं लोक मला बाई समजत होते.

आणि फेरफाराच्या धड्यात हरकतीची मुदत घातली आहे.

परवा दुपारी टेबलावरचा फोन वाजला.

"बाय, मी मंजुला. आंबिवलीची."

"बोला ना. पुस्तकं मिळाली?"

"मिलाली. वाचूनशी झाली. आता घरी द्याची परीक्षा हाय ना, ती देतंय." मग आवाज जरा खाली आला, कोणी ऐकत असावं तसा. "प्रियंका माजा पासवर्ड मागते. म्हनते, आई, तारीख निघून जाईल, मी भरून टाकते. देऊ तिना?"

"अजिबात नाही."

"मी पन तेच सांगितला तिना," मंजुळाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.